रंगवायचा मासा आणि पाटीतला मासा

बालवाडी आणि पहिली-दुसरीच्या मुलांना रंगवण्यासाठी जे छापील मासे दिले जातात, त्यांतला एखादा कागद जरा निरखून पाहावा. पूर्वी हे मासे रंगभरणाच्या पुस्तिकांत असत. मग ते स्टेन्सिलवरून काढलेल्या प्रतींत आले. आता संगणकावरून हवा तो मासा उतरवून घ्यायचा, एक प्रत छापायची आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून वर्गापुरत्या झेरॉक्स काढून आणायच्या, एवढे काम सोपे झाले आहे. मासा मात्र फारसा बदललेला नाही. लंबगोल अंग, मागे जोडलेली त्रिकोणी शेपटी, पाठीवर एक आणि पोटाखाली एक पर, अंगभर कौलांसारखे अर्धगोल खवले, मोठा डोळा, बहुधा त्यावर पापण्यांचे केस, आणि हसरे तोंड. हा कोणता मासा, असे विचारले तर प्राणिशास्त्रज्ञालाही उत्तर देता येणार नाही. आपल्या बाजारात येणाऱ्या बहुतेक माशांना तर डोळे मिटता येतील अशा पापण्याच नसतात, मग त्यांचे केस कुठून येणार?

मुले या माशाला बहुतेक वेळा नारिंगी रंग देतात. ‘एफ फॉर फिश’च्या तक्त्यावर तो नारिंगीच असतो. हा रंग गोल्डफिशचा. चीनमध्ये हजाराहून अधिक वर्षे जोपासना करून माणसाने हा मासा घडवला. त्याचे मूळचे रानटी भाईबंद मळकट, हिरवट-करड्या रंगाचे असतात. २००३ साली ‘फाइंडिंग निमो’ हा चित्रपट आल्यावर नारिंगीवर पांढरे पट्टेही आले. आमचा आक्षेप नारिंगी रंगाला नाही. प्रश्न असा की, ज्या मुलाच्या घरी आठवड्यातून दोनदा बांगडा शिजतो, ते मूल मासा म्हटल्यावर कधीही न पाहिलेला मासा का रंगवते?

हा प्रश्न लालबागेत विचारण्यासारखा आहे. गिरणगावात कोकणातून आलेल्या कुटुंबांची वस्ती मोठी, आणि मासळी हा तिथल्या रोजच्या जगण्याचा भाग. आज जगभर नाव झालेल्या लालबागच्या राजाचे मूळही मासळी बाजाराशी जोडलेले आहे. १९३२ साली पेरू चाळीचा बाजार बंद झाला आणि कोळी व इतर विक्रेत्यांना उघड्यावर बसण्याची वेळ आली. बाजाराला हक्काची जागा मिळावी म्हणून त्यांनी नवस केला, जागा मिळाली, आणि १९३४ मध्ये गणपती बसला. अशा भागातल्या मुलाला पापलेट, हलवा, बोंबील, मांदेली ही नावे अक्षरओळखीच्या आधीच येतात. आई मासे घेताना कल्ल्याचे झाकण उचलून आतला रंग पाहते, हे त्याने शेजारी उभे राहून शंभरदा पाहिलेले असते. लाल असेल तर ताजा, तपकिरी पडला असेल तर शिळा. हे प्राणिशास्त्राचे उत्तम प्रात्यक्षिक आहे. कल्ल्यांची त्वचा अतिशय पातळ असते, तिच्यातून रक्ताचा रंग थेट दिसतो, आणि मासा मेल्यावर हवा लागून रक्तातले हिमोग्लोबिन बदलत जाते तसा तो लाल रंग तपकिरी होतो. पण रंगवायच्या कागदावरच्या माशाला कल्ल्याचे झाकण असतेच असे नाही. असलेच तर ती एक सजावटीची वक्ररेषा असते.

म्हणजे मुलाजवळ दोन मासे असतात. एक पाटीतला, ज्याच्याविषयी त्याला पुष्कळ कळते. दुसरा कागदावरचा, ज्याच्याशी त्याचे काही नाते नाही. शाळेत गुण दुसऱ्याला मिळतात. गिरणगावातल्या अनेक पिढ्यांनी मरीन ड्राइव्हचे, १९५१ साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय पाहिले. तिथून परतताना मुलांच्या मनात एक विभागणी पक्की होत असावी असे आम्हांला वाटते: काचेमागे असतात ते रंगीत मासे, पाटीत असते ती मासळी.

रंगभरणाच्या कागदांवर टीका नवी नाही. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात तयार बाह्यरेषा भरण्याच्या सवयीला कडाडून विरोध केला होता. दुसऱ्याने काढलेले चित्र भरता भरता मुलाचा स्वतःच्या चित्रावरचा विश्वास जातो, असे त्यांचे म्हणणे. ते पुष्कळ अंशी खरे आहे. तरीही पन्नास-साठ मुलांच्या वर्गात, बाकावर दप्तर ठेवायलाही जागा नसताना, रंगभरणाचा कागद टाकून द्या असे शिक्षकांना सांगणे आम्हांला पटत नाही. रेषेच्या आत राहण्यासाठी बोटांना जो सराव होतो तो लेखनाला उपयोगी पडतो, शिवाय मूल अर्धा तास एका जागी एका गोष्टीकडे पाहत बसते. तेव्हा त्या अर्ध्या तासात ते कशाकडे पाहते, यात आपल्याला काही करता येण्यासारखे आहे. बाह्यरेषा म्हणजे मुलाच्या वतीने कोणीतरी आधीच केलेले निरीक्षण. ते खऱ्या माशाचे असेल, तर रंगवणारे मूल त्या निरीक्षणात सहभागी होते.

सुरुवात बांगड्यापासून करावी. तो स्वस्त असतो, वाट्याने मिळतो आणि पुष्कळांच्या ओळखीचा असतो. एक ताजा, न कापलेला बांगडा आणून धुवावा, फडक्याने टिपावा, पांढऱ्या कागदावर आडवा ठेवावा आणि टोकदार पेन्सिल सरळ उभी धरून त्याच्याभोवती रेघ ओढावी. डोके डावीकडे येऊ द्यावे. माशांची शास्त्रीय चित्रे साधारणपणे अशीच, डावी बाजू दाखवणारी असतात. कागद थोडा ओला होईल, चालेल. मासा उचलल्यावर कागदावर जी आकृती उरते ती लंबगोल नसते. तोंडाकडे निमुळती, मध्ये फुगीर आणि शेपटीच्या मुळाशी इतकी बारीक की दोन बोटांच्या चिमटीत मावावी. पाणी कापत वेगाने जाणाऱ्या माशाची ही घडण आहे.

आता मासा समोर ठेवून आतले तपशील भरायचे. पाठीवर शेपटीच्या बाजूला एक पर दिसतो. शिक्षकांनी इथे थांबून बोथट टाचणीने पाठीच्या पुढच्या भागावर हलकेच उकरून पाहावे. तिथे एका खाचेत मिटून बसलेला काटेरी पर पंख्यासारखा उघडतो! बांगड्याच्या पाठीवर दोन पर असतात. पहिला गरज नसते तेव्हा खाचेत जातो, म्हणजे पाण्याला अडथळा होत नाही. पाटीत पडलेल्या बांगड्यात तो बहुधा दिसतच नाही. वर्षानुवर्षे बांगडे साफ करणाऱ्या व्यक्तीलाही तो दाखवला तर ती क्षणभर थबकते, असा आमचा अनुभव आहे.

दुसऱ्या परामागे, शेपटीपर्यंत, करवतीच्या दातांसारखे छोटे छोटे सुटे पर असतात. वर पाच आणि खाली पाच. सुरमई आणि कुपा या त्याच्या नातेवाइकांनाही ते असतात. शेपटीजवळून वाहणाऱ्या पाण्याच्या प्रवाहाशी त्यांचा संबंध असावा असे मानले जाते. मुलांना हे कारण सांगण्याची घाई नको. मोजू द्यावेत. पहिलीच्या मुलाला पाचपर्यंत मोजण्याचे याहून चांगले निमित्त क्वचितच मिळेल. मग कल्ल्याच्या झाकणाची रेषा, त्यामागे छातीचा पर, त्याखाली पोटाचा पर, आणि छातीच्या पराच्या खालच्या कडेजवळ असणारा काळा ठिपका. एवढे काढले की कागदाच्या झेरॉक्स काढाव्यात. हा आता ‘मासा’ नाही, बांगडा आहे.

पापलेटचा कागद याच पद्धतीने करावा, आणि त्याच्या शेजारी हलव्याचा. दोघांची बाह्यरेषा दुरून सारखी, ताटासारखी चपटी. इंग्रजीत दोघांनाही ‘पॉम्फ्रेट’ म्हणतात, एक रुपेरी आणि एक काळा. प्रत्यक्षात त्यांची कुले वेगळी आहेत. पापलेट स्ट्रोमॅटेइडी कुलातले, तर हलवा कॅरॅन्जिडी कुलातला. हलव्याच्या शेपटीच्या मुळाशी बोट फिरवले तर खरखरीत, कडेदार खवल्यांची ओळ लागते आणि त्याच्या छातीचे पर विळ्यासारखे लांब असतात. पापलेटला ती ओळ नाही. बांगड्याला असलेले पोटाचे पर पापलेटला अजिबात नसतात. पूर्ण वाढलेल्या हलव्यातही ते उरत नाहीत. ‘बांगड्याला आहे आणि पापलेटला नाही असे काय?’ हा प्रश्न दुसरीच्या वर्गात टाकून पाहावा. उत्तर यायला वेळ लागतो, पण ते मुलांकडूनच येते. मराठीत या दोन माशांना स्वतंत्र नावे आहेत, या बाबतीत आपली बाजारभाषा इंग्रजीपेक्षा अधिक शास्त्रीय म्हणावी लागेल.

रेषेचे काम झाले, आता रंग. खरी गंमत आणि खरी अडचण इथेच आहे. पापलेट कोणत्या रंगाचे? मुले म्हणतात, पांढरे. काही म्हणतात, चंदेरी. मेणखडूंच्या पेटीत चंदेरी खडू असला तरी त्याने रंगवलेले पापलेट राखाडी दिसते. कारण चंदेरी हा लाल-पिवळ्यासारखा रंग नव्हेच. माशाच्या त्वचेतील काही पेशींत ग्वानिन या पदार्थाच्या अतिशय पातळ स्फटिकपट्ट्या थरांवर थर रचलेल्या असतात. डीएनएच्या चार मूलघटकांपैकी एक म्हणून वरच्या वर्गांत शिकवला जातो, तोच हा ग्वानिन. प्रत्येक थरावरून थोडा थोडा प्रकाश परावर्तित होतो आणि सगळे मिळून आरसा तयार होतो. खडूने आरसा रंगवता येत नाही. मग काय करावे? चॉकलेटची किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी चुरगळून, पुन्हा सपाट करून, पापलेटच्या आकृतीत चिकटवावी आणि तिच्यावर राखाडी-निळसर खडू पाठीकडच्या भागात हलका फिरवावा. कागद खिडकीजवळ नेला की मासा बदलतो, शर्टाचा रंगही त्यात उतरतो. समुद्रात हेच घडते. पाण्यात एखाद्या पातळीवर चहूबाजूंनी येणारा प्रकाश जवळपास सारखा असतो. उभा आरसा समोरचा प्रकाश परत पाठवतो आणि तो मागच्या प्रकाशासारखाच असल्यामुळे आरसा दिसेनासा होतो. प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत एरिक डेन्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात दाखवून दिले की, रुपेरी माशाचे अंग गोलाईचे असले तरी त्यातल्या या स्फटिकपट्ट्या उभ्याच राहतील अशा बसवलेल्या असतात.

बांगड्याच्या कागदावर मुले बहुधा एकच रंग वरपासून खालपर्यंत भरतात. खरा बांगडा शेजारी ठेवला की पाठ हिरवट-निळी, तिच्यावर काळसर आडव्या रेघा आणि पोट पांढुरके, हे त्यांच्या लक्षात येते. असे का, याचे एक कारण ॲबट थेयर या अमेरिकन चित्रकाराने १८९६ मध्ये मांडले. (शास्त्रज्ञाच्या आधी हे चित्रकाराला दिसावे, यात नवल नाही.) प्रकाश वरून पडतो, त्यामुळे कोणत्याही गोल वस्तूची वरची बाजू उजळ आणि खालची सावलीत दिसते, आणि या छटेवरूनच डोळ्याला गोलाई कळते. वरची बाजू मुळातच गडद आणि खालची फिकट असेल, तर दोन्ही परिणाम एकमेकांना पुसतात. वर्गात हे करून पाहता येते. राखाडी कागदाच्या दोन सुरळ्या करून आडव्या टांगाव्यात, एकीच्या वरच्या अर्ध्या भागावर पेन्सिल घासून वरून खाली छटा फिकी करत आणावी. वरून उजेड येत असेल तेव्हा दूर उभे राहिले की साधी सुरळी गोल दिसते आणि पेन्सिल घासलेली सपाट पट्टीसारखी. हे पाहिल्यावर ‘पाठीला गडद रंग द्या’ असे सांगावे लागत नाही.

लाल मासे बाजारात असतातच. राणी मासा घ्या, गुलाबी अंगावर पिवळसर रेघा. इतका उठून दिसणारा मासा समुद्रात सुरक्षित कसा? पाणी प्रकाशातला लाल भाग सर्वांत आधी शोषून घेते. स्वच्छ समुद्रातसुद्धा दहा-पंधरा मीटरांखाली तो फारच थोडा उरतो. परावर्तित करायला लाल प्रकाशच नसेल तर लाल मासा काळसर दिसणार. गडद निळ्या कागदावर लाल खडूने मासा रंगवावा आणि हिरव्या व निळ्या जिलेटिन कागदाच्या दोन-तीन घड्यांतून पाहावा. मासा विरघळून जातो. जिलेटिन बाजूला केले की परत येतो. मुलांना हा खेळ इतका आवडतो की तास आवरता आवरत नाही.

लेपा या माशाचा कागद मात्र नेहमीच्या रंगभरणाला जरा चकवतो. तो तळाशी वाळूत एका कुशीवर पडून राहतो. अंड्यातून निघालेले पिलू इतर माशांसारखेच असते, दोन्ही बाजूंना एकेक डोळा. वाढताना एक डोळा हळूहळू सरकत दुसऱ्या बाजूला जातो. परिणामी वरची कूस तपकिरी आणि तिच्यावर दोन डोळे. खालची कूस पांढरी, डोळ्याविना. तेव्हा लेपा कागदाच्या दोन्ही बाजूंना छापावा. एक बाजू रंगवायची, दुसरी कोरी ठेवायची. कोरी ठेवणे हेही बरोबर उत्तर असू शकते, हे मुलांना आणि त्याहून अधिक पालकांना पटवावे लागते.

छपाईसाठी झेरॉक्स लागतेच असे नाही. जपानमध्ये एकोणिसाव्या शतकापासून माशाचाच ठसा घेण्याची ‘ग्योताकू’ नावाची रीत आहे. पकडलेल्या माशाचा खरा आकार नोंदवून ठेवण्यासाठी कोळ्यांनी ती वापरली. यासाठी मोठ्या खवल्यांचा मासा निवडावा, बोय उत्तम. मीठ लावून अंगावरचा बुळबुळीतपणा धुवावा, कोरडा करावा, पर टाचण्यांनी पसरावेत, काळा पोस्टर रंग पातळ थरात लावावा आणि पतंगाचा कागद अलगद अंथरून बोटांनी दाबत जावे. खवला न खवला उमटतो. कल्ल्याच्या झाकणापासून शेपटीकडे जाणारी बारीक छिद्रांची पार्श्वरेखा अनेक माशांत ठशावर ठळक दिसते. पाण्यातली कंपने माशाला हिच्यामुळे जाणवतात. बोयमध्ये मात्र ती स्पष्ट नसते, म्हणून तुलनेसाठी राणीचाही ठसा घ्यावा. ठसा उलटा येतो हे ध्यानात ठेवावे: डोके डावीकडे हवे असेल तर माशाच्या उजव्या अंगाला रंग लावायचा. डोळा नंतर हाताने काढायचा. वाळलेल्या ठशाच्या फिकट प्रती काढल्या की त्याच रंगवायला देता येतात, आणि त्यांवरचे खवले कौलांसारखे नसून माशासारखे असतात.

काही व्यवहाराच्या गोष्टी. शिंगाळ्याचा काटा विषारी असतो, तो वर्गात आणू नये. मासा बर्फात ठेवावा, अर्ध्या तासात काम उरकावे, साबणाने हात धुवावेत आणि रंग लावलेला मासा कोणी खाऊ नये. ज्या घरी मासे खात नाहीत त्या मुलांना हात लावण्याचा आग्रह करू नये. बाह्यरेषेचा कागद त्यांच्यासाठी आहेच, आणि निरीक्षणात ती मागे राहत नाहीत असे आम्ही पाहिले आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, पुढे अनेक घरांत श्रावण पाळतात. त्यामुळे हा उपक्रम गणेशोत्सवानंतर घेणे सोयीचे.

मासा आणणे शक्यच नसेल तर शब्दांवरून रंगवता येते. फ्रान्सिस डे यांचा ‘द फिशेस ऑफ इंडिया’ हा ग्रंथ १८७५ ते १८७८ या काळात निघाला. त्यातली चित्रे काळ्या रेषांची आहेत आणि रंगांचे वर्णन मजकुरात आहे. एका परीने तो रंगभरणाचाच ग्रंथ! एका तुकडीने बाजारात जाऊन माशाच्या रंगाचे वर्णन आपल्या शब्दांत लिहून आणावे आणि दुसऱ्या तुकडीने केवळ त्यावरून कागद रंगवावा. ‘वर निळा’ एवढेच लिहिले तर काय होते, हे लिहिणाऱ्यांना लगेच कळते.

बाह्यरेषा शक्यतो माशाच्या खऱ्या मापाचीच ठेवावी, कागद भरावा म्हणून मोठी करू नये. कोपऱ्यात तारीख, बाजाराचे नाव आणि तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंतची लांबी लिहावी. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये पापलेटला राज्य मासा घोषित केले. एकदाही अंडी न घातलेली लहान पापलेटे जाळ्यात सापडणे ही आपल्या किनाऱ्यावरची मोठी चिंता आहे, आणि अनेक जातींसाठी पकडण्याजोगी किमान लांबी शासनाने ठरवून दिलेली आहे. ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत दर महिन्याला एक पापलेट आखून, रंगवून वर्गाच्या भिंतीवर ओळीने लावले, तर कोणत्या महिन्यात तळहाताएवढे आले आणि कोणत्या महिन्यात वीतभर, हे पहिलीतल्या मुलालाही फूटपट्टीशिवाय दिसते. लहान पापलेट विकायला का आणता, हा प्रश्न मग ते बाजारात कोळीण मावशीला विचारील; तिच्याकडे त्याचे उत्तर असते, ते वर्गात येऊन सांगायला तिला बोलवावे.